‘तपासले, दोष आढळला नाही’ : वॉरंटी संपल्यानंतरच्या एका दुरुस्तीचं प्रकरण

ताईने गाडी घेऊन एकेचाळीस महिने झाले होते आणि काटा ३८,२०० किलोमीटरवर होता. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते. म्हणजे किलोमीटर निम्मेही झाले नव्हते, पण तारीख उलटून पाच महिने झाले होते. अशात एका डाव्या वळणावर, वेग जेमतेम वीसचा असताना, स्टीअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. समोर पिवळा दिवा लागला : स्टीअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. ताईने दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कशीबशी कडेला घेतली, बंद केली, दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली. दिवा गेलेला. स्टीअरिंग नेहमीसारखं हलकं.

पुढच्या आठवडाभरात हे आणखी दोनदा झालं.

शेवट आधीच सांगून टाकतो. स्टीअरिंग कॉलम, म्हणजे चक्राखालच्या दांड्याचा पूर्ण संच, कंपनीच्या खर्चाने बदलून मिळाला, मजुरी निम्मी आम्ही भरली. त्याला अकरा आठवडे लागले. त्यातले पहिले तीन आम्ही स्वतःच्या चुकीने वाया घालवले. मधल्या काळात काय उपयोगी पडलं आणि कुठे माती खाल्ली, ते लिहून ठेवतो आहे.

काउंटरवरचं उत्तर

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. स्टीअरिंगच्या कंट्रोलरमध्ये टॉर्क सेन्सरचा (चक्रावर हाताचा किती जोर पडतो ते मोजणारा भाग) एरर कोड, म्हणजे दोषाची नोंद, साठलेला होता, पण त्या क्षणी दोष चालू नव्हता. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने दहा मिनिटांत निकाल दिला : सेन्सर सुटा मिळत नाही, मोटर आणि कंट्रोलरसकट पूर्ण कॉलम बदलावा लागेल. इस्टिमेटमध्ये मजुरी किरकोळ होती, जवळजवळ सगळी रक्कम पार्टची.

“पण हे तर वॉरंटीत असतानाही होत होतं,” ताई म्हणाली.

“मॅडम, वॉरंटी संपलीये. सिस्टीमच क्लेम घेत नाही.”

हे वाक्य ऐकून मी भडकलो होतो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की तो माणूस खोटं बोलत नव्हता. काउंटरवरचा माणूस गाडीचा नंबर टाकतो, संगणक विक्रीची तारीख बघतो आणि क्लेम नाकारतो. त्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं. वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी खर्च मंजूर करण्याचा अधिकार डीलरकडेही फार नसतो, तो उत्पादक कंपनीच्या त्या विभागाच्या सर्व्हिस मॅनेजरकडे आणि त्याच्या वरच्यांकडे असतो. ज्याच्याकडे ‘हो’ म्हणायचा अधिकारच नाही, त्याच्याशी आम्ही तीन आठवडे भांडलो. रोज फोन, रोज तेच उत्तर. त्या फोनांचा कागदावर एकही पुरावा नाही.

फाइलमध्ये सापडलेलं

तीन आठवड्यांनी, दमून, मी ताईला विचारलं, “तुझ्याकडे जुनी जॉबकार्डं आहेत का गं?”

“असतील ना. विम्याच्या कागदांत कोंबलीयेत.”

निघाली. तिसऱ्या वर्षीच्या सर्व्हिसचं सोडून सगळी होती. दुसऱ्या वार्षिक सर्व्हिसचं, तेविसाव्या महिन्यातलं जॉबकार्ड : २१,४६० किलोमीटर. ग्राहकाची तक्रार या रकान्यात ‘स्टीअरिंग कधी कधी जड होते’. शेरा : ‘तपासले, दोष आढळला नाही.’ त्यानंतरचं, एकतिसाव्या महिन्यातलं, २८,९०० किलोमीटरला मुद्दाम फक्त या कारणासाठी गेली होती तेव्हाचं : ‘स्टीअरिंगचा दिवा लागून गेला.’ शेरा : ‘बॅटरी टर्मिनल साफ केले. कोड पुसला. ट्रायल ठीक.’

‘कोड पुसला’ हे दोन शब्द मी चार वेळा वाचले. कोड पुसला, म्हणजे पुसण्याआधी कोड होता. वॉरंटी संपायच्या पाच महिने आधी गाडीच्या कंट्रोलरने स्वतः दोष नोंदवला होता आणि सर्व्हिस सेंटरने ते स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या शिक्क्यासह लिहून दिलं होतं. कोणता कोड, ते लिहिलं नव्हतं. प्रिंट काढलेली नव्हती. तरीही तो कागद आमच्याकडचा सर्वांत भारी पुरावा ठरला.

तिसऱ्या वर्षीच्या सर्व्हिसला ताईने तीच तक्रार पुन्हा सांगितली होती. वॉरंटी संपायला तेव्हा जेमतेम महिना होता. “मागच्या वेळी बघितलंय ना मॅडम,” म्हणून समोरच्याने ती लिहिलीच नाही. ते जॉबकार्ड आम्ही मागून घेतलं तर त्यावर फक्त ‘नियमित सर्व्हिस’. ताईला ते बोलणं शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि त्याचा उपयोग शून्य. हा सगळा खटाटोप त्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे करावा लागला, असं माझं मत आहे. ती ओळ असती तर वॉरंटी संपायच्या तोंडावरची उघडी तक्रार दिसली असती, आणि मग नाकारणं कठीण गेलं असतं.

इथून आमचा मुद्दा बदलला. तोवर आम्ही म्हणत होतो, ‘वॉरंटी संपून पाचच महिने झालेत, एवढं तर करा.’ ही विनवणी झाली. आता म्हणणं असं की हा दोष वॉरंटीत असतानाच आम्ही दोनदा दाखवला, तुम्ही तो दुरुस्त केला नाही, आणि तोच दोष आजही आहे. वॉरंटी संपल्याची तारीख दोष बिघडून समोर आला त्या दिवसाशी जोडायची की दोष प्रथम नोंदवला त्या दिवसाशी, एवढाच वाद उरतो.

ड्रायव्हरवर खापर

पुढच्या भेटीत वर्क्स मॅनेजर बोलायला आले. जॉबकार्डं बघून त्यांनी वेगळाच सूर लावला. “मॅडम गाडी उभी असताना जागेवर स्टीअरिंग फिरवत असतील. त्याने मोटर तापते, मग सिस्टीम मदत कमी करते. हा दोष नाही, वापराची सवय आहे.”

यात अर्धं तथ्य आहे, म्हणून ते गळी उतरतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगमध्ये जागेवर पुन्हापुन्हा चाकं वळवली की मोटर आणि कंट्रोलर तापतात, आणि जळू नयेत म्हणून कंट्रोलर चक्र फिरवायला मिळणारी मोटरची मदत कमी करतो. हे गाडीच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं होतं. पण त्याच परिच्छेदात पुढे असंही होतं की अशा वेळी स्टीअरिंग हळूहळू जड होतं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं की आपोआप पूर्ववत होतं. ताईच्या गाडीत मदत एका क्षणात, पूर्ण जात होती, दिवा लागत होता, आणि गाडी बंद करून चालू केल्याशिवाय परत येत नव्हती. शिवाय कोड तापमानाचा नव्हता, टॉर्क सेन्सरचा होता. मॅनेजरसमोर मी मॅन्युअलचं ते पान उघडून ठेवलं. ते वाचून त्यांनी विषय बदलला.

बिघाडाचा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारण्याची ही पद्धत जगभरची आहे, आणि एकदा ती चांगलीच महागात पडली आहे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल शेकडो ग्राहकांनी गाडी थरथरते, झटके देते अशा तक्रारी केल्या होत्या. गिअरबॉक्समध्ये गुणवत्तेच्या अडचणी आहेत हे ठाऊक असूनही त्यांना सांगितलं जाई की हे तुमच्या चालवण्यामुळे होतंय. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण न्यायालयात नेलं आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ताईची गाडी फोर्डची नाही, दोषही वेगळा. पण वर्क्स मॅनेजर बोलत होते तेव्हा मला तेच आठवत होतं.

नेमका दोष काय

आमच्या ओळखीत गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी आधी मला गप्प केलं. “सेन्सरचं नंतर. आधी बॅटरी.” कारण स्टीअरिंगची मोटर वळवताना क्षणभर खूप करंट खेचते, कित्येक गाड्यांत साठ-सत्तर अँपिअरच्या वर. बॅटरी थकलेली असली, टर्मिनल ढिलं असलं किंवा अर्थिंगची वायर गंजलेली असली, तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि कंट्रोलर हात वर करतो. हे तपासल्याशिवाय कॉलम मागितला असता आणि उद्या कंपनीने बॅटरी खराब निघाल्याचं दाखवलं असतं, तर आमची सगळी बाजू कोसळली असती. काकांनी बॅटरीवर लोड टाकून बघितलं, अर्थिंगच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज किती पडतंय ते मोजलं. सगळं ठीक.

मग सेन्सर. त्यांनी समजावलेलं इथे थोडं सविस्तर देतो, कारण पुढे पत्रात हेच कामी आलं. स्टीअरिंगच्या दांड्याचे दोन भाग असतात आणि मध्ये एक बारीक पिळाची कांडी. आपण चक्र फिरवलं की ती किंचित पिळते. तो पीळ सेन्सर मोजतो आणि त्यावरून मोटरने किती जोर लावायचा ते कंट्रोलर ठरवतो. सेन्सर एकाच गोष्टीचे दोन सिग्नल पाठवतो. या गाडीत हात सोडलेल्या स्थितीत दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास. एक जेवढा वर जातो तेवढाच दुसरा खाली, बेरीज कायम पाच. दोघांची बेरीज जुळेनाशी झाली की कंट्रोलरला कळत नाही कोण खरं बोलतंय. मग तो मोटर सरळ बंद करतो. कारण चुकीच्या सिग्नलवर मोटर आपणहून भलतीकडे चक्र फिरवेल, त्यापेक्षा जड स्टीअरिंग परवडलं. अचानक दगड होण्यामागे ही सगळी अक्कल आहे.

दोष दिसायला तीन ट्रायल लागल्या. पहिल्या दोन वीस-वीस मिनिटांच्या. काहीच झालं नाही. सर्व्हिस सेंटरची ट्रायलही साधारण एवढीच असते, तेव्हा ‘दोष आढळला नाही’ हा शेरा त्यांच्या बाजूने प्रामाणिक असू शकतो. तिसऱ्या वेळी काकांनी ताईलाच चालवायला बसवलं. “ज्याच्या हातून दिवा लागतो त्याच्याच हातून लागू दे.” चाळीसेक मिनिटं हळू वेगात, वळणं घेत गाडी फिरवली, स्कॅनर लावलेला, मी मोबाइलवर चित्रण करत मागे बसलेलो. त्रेचाळिसाव्या मिनिटाला बेरीज पाचवरून खाली घसरताना पडद्यावर दिसली आणि पाठोपाठ दिवा. बॅटरीचं व्होल्टेज त्या क्षणी १४ च्या वर होतं. म्हणजे वीजपुरवठ्याचा दोष नाही. काकांचा अंदाज, तापल्यावर आतला कुठलातरी सोल्डरचा सांधा सुटत असावा. गाडी थंड झाली की सांधा पुन्हा टेकतो आणि सर्व्हिस सेंटरला सगळं ठीक दिसतं.

चित्रणात आम्ही मुद्दाम एका झटक्यात दिवा, किलोमीटरचा आकडा, स्कॅनरचा पडदा आणि गाडीच्या घड्याळाची वेळ घेतली. कोड पुसू दिला नाही. पुष्कळ गाड्यांत ठरावीक वेळा बिनदोष चालू-बंद झाल्यावर जुना कोड आपोआपही उडतो, म्हणून त्याच दिवशी स्कॅनरचा अहवाल छापून घेतला.

रिकॉल आणि वॉरंटी यांतलं अंतर

गाडीच्या सतरा अक्षरी चासी नंबरवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन, म्हणजे कंपनीने स्वतःहून गाड्या दुरुस्तीला बोलावण्याची मोहीम, निघाली आहे का, ते आधीच बघितलं होतं. नव्हती. असती तर हा लेख अर्ध्या पानाचा झाला असता, कारण सुरक्षेच्या रिकॉलला वॉरंटीची तारीख लागू होत नाही. काही वेळा कंपनी संपूर्ण रिकॉल न करता एखाद्या पार्टपुरती वॉरंटी वाढवते, आणि त्याचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं. सेकंडहँड गाडी असेल तर ते नक्कीच विचारून घ्यावं.

स्टीअरिंगच्याच बाबतीतलं एक उदाहरण आहे. २०१४ च्या मार्चअखेरीस जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. दोष हाच, इलेक्ट्रिक स्टीअरिंगची मदत अचानक जाणं. त्यांतल्या काही गाड्यांना कंपनीने आधी नुसती वाढीव वॉरंटी दिली होती, आणि ते पुरेसं नव्हतं असं नंतर स्वतःच कबूल केलं. ताईची गाडी त्या कंपनीचीही नाही आणि हे उदाहरण आम्ही पत्रात घातलं नाही. दुसऱ्या कंपनीचा दाखला दिला की समोरचा वाद घालायला मोकळा होतो. पण ‘सुरक्षेशी संबंधित दोष’ हे शब्द मात्र पत्रात आवर्जून घेतले.

कायद्याबद्दल थोडं. कंपनीची छापील वॉरंटी आणि कायद्याने मिळणारं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. युरोपीय संघात विक्रेत्याची किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. इंग्लंडमध्ये सदोष वस्तूचा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो, पण पहिले सहा महिने उलटल्यावर दोष मुळातच होता हे ग्राहकाला सिद्ध करावं लागतं. ऑस्ट्रेलियात आकडाच नाही : त्या किमतीची ती वस्तू वाजवीपणे जितकी टिकायला हवी तितकी टिकली पाहिजे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. म्हणून एकतिसाव्या महिन्याचं ते जॉबकार्ड महत्त्वाचं. कारण कधी घडलं, याचं उत्तर तिथे छापलेलं आहे. आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही, पण तारखांचं गणित आधी करून ठेवलं होतं. समोरच्याने टोलवाटोलवी करत वर्ष काढलं तर मुदत आपली संपते, त्याची नाही.

पत्र

मी आधी चार पानी पत्र लिहिलं होतं. ताईने वाचून परत दिलं. “अरे, यात तुझा राग आहे. माझी गाडी कुठाय?” मग तिनेच एका पानाचं केलं. ती शाळेत शिकवते, लाल शाई चालवायची सवय आहे. मुख्य मजकूर असा होता :

‘माझ्या गाडीत चालताना स्टीअरिंगची मदत अचानक पूर्ण बंद होते व इशारा दिवा लागतो. हा सुरक्षेशी संबंधित दोष आहे. वॉरंटी काळात मी तो दोनदा नोंदवला (जॉबकार्डच्या प्रती जोडल्या आहेत). दुसऱ्या वेळी आपल्या सर्व्हिस सेंटरने एरर कोड पुसल्याची नोंद केली आहे. दोष दूर झालेला नाही. बॅटरी, टर्मिनल व अर्थिंग तपासून घेतले असून ते योग्य आहेत. दोष घडतानाचे चित्रण व स्कॅनरचा अहवाल सोबत आहे. स्टीअरिंग कॉलम हा देखभालीच्या वेळापत्रकात नसलेला, झिजून बदलण्याचा नसलेला भाग आहे. वॉरंटी काळात नोंदवलेल्या दोषाची दुरुस्ती म्हणून तो विनामूल्य बदलून द्यावा. आपल्या प्रतिनिधीने पंधरा दिवसांत गाडीची तपासणी करावी व निर्णय लेखी कळवावा.’

पत्र उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने आणि रजिस्टर्ड टपालाने, डीलरला प्रत. मागणी एकच. मनस्ताप, वेळ, टॅक्सीचं भाडं वगैरे काही लावलं नाही. ते हक्काचं नाही असं नाही, पण पहिल्याच पत्रात दहा मागण्या असल्या की समोरचा सगळ्यांत कच्ची मागणी निवडून तिलाच उत्तर देतो.

नवव्या दिवशी उत्तर आलं : वॉरंटीचा कालावधी संपला असल्याने विनंती मान्य करता येत नाही. पत्रातल्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नाही. हे ठरावीक छापाचं उत्तर असतं, त्याने खचून जायचं कारण नव्हतं. त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र पाठवलं : ‘माझी विनंती वॉरंटीनंतर उद्भवलेल्या दोषासाठी नाही. एकतिसाव्या महिन्यात पुसलेला कोड कोणता होता, हे आपल्या नोंदींतून कळवावे.’ या प्रश्नाचं उत्तर आम्हाला आजवर मिळालेलं नाही. पण चार दिवसांनी विभागीय सर्व्हिस मॅनेजरचा स्वतःहून फोन आला.

तपासणी आणि देवाणघेवाण

तपासणीच्या दिवशी आम्ही एकच अट घातली : ट्रायल ताई चालवेल आणि किमान पन्नास मिनिटं चालेल. मॅनेजर शेजारी बसले. दिवा लागला तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त मोबाइलवर फोटो काढला.

मग सेवा-इतिहासाचा मुद्दा निघाला. वॉरंटी संपल्यावर ताईने एकदा ऑइल बाहेर बदललं होतं. “अधिकृत सर्व्हिसची साखळी तुटलीये, गुडविलमध्ये अडचण येते,” ते म्हणाले. आम्ही म्हटलं, इंजिन ऑइलचा आणि टॉर्क सेन्सरचा संबंध कागदावर लिहून द्या. अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने वॉरंटीसाठी ठरावीक ठिकाणचीच सेवा बांधून घालणं सर्वसाधारणपणे मना केलं आहे. अर्थात गुडविल ही वॉरंटी नव्हे. ती कंपनीची मर्जी असते, जबाबदारीची कबुली न देता सोसलेला खर्च. तिथे नियमित ग्राहकाचं वजन पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूने बघायचं तर आधीची सगळी सर्व्हिस त्यांच्याकडेच झाली होती, आणि त्याचा आम्हाला फायदाच झाला असावा.

पहिला प्रस्ताव : पार्टचा सत्तर टक्के खर्च कंपनीचा, बाकी पार्ट आणि पूर्ण मजुरी आमची. मी लगेच हो म्हणायच्या बेतात होतो. खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. ताई म्हणाली, “पार्ट सदोष निघाला हे तुम्ही स्वतः पाहिलंत, मग त्यातला तीस टक्के माझा कसा?” तीन दिवसांनी सुधारित प्रस्ताव आला : पार्ट पूर्ण कंपनीचा, मजुरी निम्मी-निम्मी. निम्म्या मजुरीसाठी आणखी दोन महिने गाडी उभी ठेवायची नव्हती. आम्ही मान्य केलं. कायद्याने पाहता पूर्ण दुरुस्ती विनामूल्य व्हायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. पण तडजोडीला स्वतःचा हिशेब असतो आणि तो ताईचा होता, माझा नाही.

सही करायच्या कागदात एक ओळ होती : ‘या विषयातील सर्व दावे पूर्णतः व अंतिमतः निकाली निघाले असून भविष्यात स्टीअरिंगसंबंधी कोणतीही तक्रार करणार नाही.’ पहिला अर्धा भाग ठीक. दुसरा अर्धा म्हणजे नवा कॉलम उद्या बिघडला तरी तोंड बंद. ‘बदललेल्या पार्टवरील वॉरंटी वगळून’ असे शब्द घालून घेतले, दोन्ही बाजूंच्या सह्या त्या दुरुस्तीशेजारी. नव्या पार्टवर वॉरंटी किती आणि कधीपासून, ते बिलावर लिहून मागितलं. तोंडी ‘असतेच ना सर’ वर या वेळी भागवलं नाही.

दुरुस्ती

काम एका दिवसाचं. कॉलम बदलल्यावर स्टीअरिंग-कोनाच्या सेन्सरला मधला बिंदू नव्याने शिकवावा लागतो, नाहीतर चक्र सरळ असतानाही गाडी एका बाजूला ओढते किंवा दुसरा दिवा लागतो. ते झाल्याची आणि व्हील अलाइनमेंटची नोंद जॉबकार्डावर घेतली. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पुन्हा पन्नास मिनिटांची चक्कर. काकांचा स्कॅनर लावला; दोन सिग्नलांची बेरीज शेवटपर्यंत पाचवरून हलली नाही.

जुना पार्ट मागितला, मिळाला नाही. गुडविलमध्ये बदललेला पार्ट तपासणीसाठी कंपनीकडे परत जातो, असं सांगण्यात आलं. निदान त्यावरच्या लेबलचा आणि अनुक्रमांकाचा फोटो काढू दिला. तो फोटो, दोन जॉबकार्डं आणि बिल आता एकाच पाकिटात आहेत. आत सोल्डर सुटला होता की आणखी काही, हे काकांना अजून जाणून घ्यायचं आहे. भेटले की विचारतात, “कंपनीचं काही उत्तर?” मी मान हलवतो.

गेल्या महिन्यात ताई सर्व्हिसला गेली तेव्हा एसी चालू करताना खालून टकटक येते असं तिने सांगितलं. अ‍ॅडव्हायझरने टाइप केलं, ‘एसी जनरल चेकअप’. ताईने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला आणि म्हणाली, “टकटक असं लिहा. आणि चालू करताना, हेही.”